घासलेल्या लाद्या

प्रयोगशाळेतली सगळी माणसं तिला लख्खताई म्हणायची, आणि त्यात अर्धी थट्टा होती, अर्धा धाक. तिच्या टेबलावर चहाचा कप विसरून जायची कुणाची छाती नव्हती. वजनकाट्याच्या ताटलीत मातीचा कण दिसला, तर तो कुणी सांडला हे ती शोधून काढायची, त्या माणसाला हाक मारून बोलवायची आणि त्याच्याकडूनच पुसून घ्यायची. नवे आलेले इंजिनिअर आधी तोंडावर हात ठेवून हसायचे, आणि महिन्याभरात दाराबाहेर बूट काढायला शिकायचे. बावीस वर्षं हे असंच चालू होतं.

तिचं काम थंड खोलीत असायचं. खोलीचा पारा कायम उणे पाचवर. काम सांगायला सोपं, करायला अंत पाहणारं. एक लोखंडी पेटी, आडवी दोन भागांत कापलेली. खालच्या भागात काँक्रीटची लादी बसवायची, वरच्या भागात ओली माती ठोकून भरायची आणि एक दिवस गोठू द्यायची. माती गोठली की लादीला अशी चिकटते की हाताने सुटता सुटत नाही. मग वरून वजन द्यायचं आणि मोटर लावून खालचा भाग बाजूला ढकलायचा, इतका हळू की डोळ्याला सरकताना दिसू नये. काट्यावरचा आकडा चढत जातो, चढत जातो, आणि एकदम कट्‌ असा आवाज होऊन धाडकन खाली येतो. बर्फाची पकड सुटते ती अशी, आधी काही कळू न देता. सुटण्याआधीचा सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. सगळा खटाटोप त्या एका आकड्यासाठी.

आकड्याची गरज का, तर त्या भागात जमीन दोन हात खाली बारा महिने गोठलेली. तिथे पूल बांधायचा तर जमिनीत खोल भोक पाडायचं, कारखान्यात तयार केलेला काँक्रीटचा खांब त्यात सोडायचा आणि भोवती मातीचा पातळ चिखल ओतायचा. चिखल गोठला की तोच खांबाला धरून ठेवतो. खाली खडकबिडक काही नसतो. बाजूच्या मातीने धरलंय, म्हणून खांब उभा. ती माती किती जोराने धरते हे लख्खताईच्या पेटीतून कळायचं, आणि त्यावरून खांब किती लांब हवा ते ठरायचं.

एकदा चाचणी झाली की लादीवर मातीचा पातळ थर राहायचा. दुसरी कुणी असती तर फडक्याने पुसून मोकळी झाली असती. लख्खताई लादी कोमट पाण्यात बुडवायची, तारेचा ब्रश घ्यायची आणि कडेपासून मधोमध, मधोमधपासून कडेपर्यंत घासायची. खांद्यातून कळ आली तरी थांबायची नाही. मागच्या चाचणीचा कणसुद्धा पुढच्या चाचणीत जाता कामा नये, असा तिचा नेम होता. बारा लाद्या होत्या. दोन वर्षांत प्रत्येक लादी कितीतरी वेळा पेटीत जाऊन आली. वहीत तापमानाचा रकाना होता, पाण्याचा होता, वजनाचा होता, वेळेचा होता. लादी कितव्यांदा घासली, याचा रकाना नव्हता. तो असावा हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

अगदी सुरुवातीचे दहा-बारा आकडे लहान आले होते, एकशे चाळीसच्या आसपास. पुढे आकडे वाढत गेले आणि दोनशेवर जाऊन स्थिरावले. अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा प्रयोगशाळेचे साहेब तिच्याजवळ वही घेऊन आले. आकडा तीन दशांशांपर्यंत दिल्याशिवाय ते सही करत नसत, म्हणून त्यांना दशांशसाहेब म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

"ताई, हे पहिले बारा जरा विचित्र वाटतात. तुम्हाला काय वाटतं?"

"साहेब, तेव्हा यंत्र नवीन होतं. माझा हात बसला नव्हता," लख्खताई म्हणाली. स्वतःचा कच्चेपणा तिने मोठ्या मनाने कबूल केला, आणि त्याचं तिला थोडं कौतुकही वाटलं.

साहेबांनी पहिल्या बारा ओळींवर पेन्सिलने रेघ मारली. अहवालात दोनशे पाच हा आकडा गेला. त्या आकड्याच्या जोरावर नदीवरच्या नव्या पुलाचे खांब बारा मीटरचे नऊ मीटर झाले. सगळीकडून वाहवा झाली. आणि पुलाच्या खांबांचं काम ज्या मुकादमाकडे होतं, तो लख्खताईचा नवरा होता.

मुकादमांना सगळं जग मुकादम म्हणायचं. घरात लख्खताईही "अहो मुकादम, हात धुतले का?" असं विचारायची. त्यांनी सहा महिन्यांत एक्केचाळीस खांब उतरवले होते. सात बाकी होते. पण पहिल्या दोन ओळींचे खांब पुरे झालेले असल्याने त्यांच्यावर गुरुवारी पहिला गर्डर, म्हणजे पुलाची मोठी तुळई, चढवायचा ठरला होता. गेले पंधरा दिवस जेवताना त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. क्रेन कुठे उभी राहणार, कोण इशारा देणार, खाली कोण थांबणार, सगळं ते चमचे आणि वाट्या मांडून दाखवायचे. खाली ते स्वतः थांबणार होते.

गुरुवारच्या आधीच्या शुक्रवारी लख्खताईच्या हातून एक लादी पडली. हातमोज्याचा अंगठा ओला होता, लादी निसटली आणि फरशीवर आपटून दोन तुकडे झाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून काही फुटलं होतं. तिने कुणाला दिसायच्या आत तुकडे उचलले, आणि मग स्वतःच जाऊन साहेबांना सांगितलं. कपाटात दोन नव्या लाद्या राखून ठेवलेल्या होत्या. त्यातली एक तिने पेटीत बसवली. पुलाच्या जागेवरून चिखलाचे नमुने दर महिन्याला यायचे, त्यांची नेहमीची तपासणी करायची होती. जोखमीचं त्यात काही नव्हतं.

आकडा आला एकशे अडतीस.

तिला आधी स्वतःचाच राग आला. पाणी चुकलं असेल म्हणून तिने पाणी पुन्हा मोजलं. खोलीचं दार कुणी उघडं ठेवलं होतं का, ते विचारून आली. माती पुन्हा भरली, पुन्हा गोठवली. रविवारची सुट्टी असूनही ती आली आणि पुन्हा मोटर लावली. एकशे एक्केचाळीस. मग जुनी लादी लावली, तीच माती, तेच पाणी. सोमवारी सकाळी त्या लादीचा आकडा आला दोनशे आठ.

लख्खताईने हातमोजा काढला. थंड खोलीत हातमोजा काढायचा नाही, हा नियम तिनेच दारावर लिहून लावला होता. तिने जुन्या लादीवरून बोट फिरवलं. बोटाला वाळूचे कण लागले, बारीक, टोकदार, चार दिवस दाढी न केलेल्या गालावरून हात फिरवावा तसे. मग नव्या लादीवरून फिरवलं. बोट सरळ घसरत पलीकडे गेलं.



तरीही तिने लगेच मानलं नाही. आपल्याला नको असलेली गोष्ट मानायला माणूस आधी सतरा पळवाटा शोधतो, आणि लख्खताई काही आकाशातून पडलेली नव्हती. दुसरी नवी लादी घेतली, न घासताच बोटाने चाचपली, मग कोमट पाणी घेऊन बसली. ब्रशने पन्नास वेळा घासली. पाणी दुधाळ झालं. वरची गुळगुळीत साय निघून गेली आणि खालची वाळू वर आली. दोन वर्षं हेच दुधाळ पाणी ती मोरीत ओतत होती आणि म्हणत होती, बघा, किती घाण निघाली. तिने ती लादी पेटीत लावली आणि मंगळवारी सकाळी निकाल पाहिला. एकशे शहाऐंशी.

ती स्टुलावर बसली. यंत्र बरोबर होतं. तिचा हातही पहिल्या दिवसापासून बसलेला होता. ते पहिले बारा आकडेच खरे होते, आणि त्यांच्यावर रेघ तिच्या सांगण्यावरून पडली होती. पुलाखालचे खांब तर कारखान्यात तेल लावलेल्या पोलादी साच्यातून निघालेले, आरशासारखे. त्यांना कुणी तारेच्या ब्रशने घासलं नव्हतं.

दशांशसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. जुनी आणि नवी, दोन्ही लाद्या त्यांच्या टेबलावर होत्या. त्यांनी एकीला हात लावला, दुसरीला लावला नाही.

"ताई, आपण हिशोबात दुप्पट राखीव ठेवलेलं असतं," ते म्हणाले. "खांबावर जेवढं ओझं येणार, त्याच्या दुप्पट पेलेल असंच गणित असतं. तुमचा आकडा तिसऱ्या हिश्शाने कमी झाला तरी पूल काही पडत नाही."

"साहेब, ते राखीव न कळणाऱ्या गोष्टींसाठी असतं. हे आता कळलंय."

"कळलंय म्हणजे काय? तीन चाचण्या! तीन चाचण्यांवर अहवाल बदलतात का?"

"आणि तेल लावलेल्या साच्याचं? आपली नवी लादीसुद्धा लाकडी साच्यातली आहे. खरा खांब हिच्याहून गुळगुळीत असणार."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. लख्खताईची आई गेली तेव्हा आठवडाभर तिच्या वाट्याच्या चाचण्या त्यांनी स्वतः लावल्या होत्या. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि हा पूल त्यांच्या कामाचा शेवट होता, निरोपाच्या कार्यक्रमात ज्याचा फोटो मागे लावतात तसा.

"कळवू," ते म्हणाले. "नक्की कळवू. आधी वीस-पंचवीस चाचण्या करा, नीट तक्ता करा. गर्डर बसू दे. काम चालू असताना घबराट नको." आणि मग, आवाज खाली आणून, "ताई, पहिला प्रश्न काय विचारतील माहिती आहे? लाद्या कुणी घासल्या. बावीस वर्षांचं नाव आहे तुमचं. माझं सोडा, तुमचा विचार करा."

लख्खताई लाद्या उचलून बाहेर आली. खरं सांगायचं तर साहेबांचं बोलणं तिला गोड लागलं होतं. वीस-पंचवीस चाचण्या, नीट तक्ता, यात गैर काय आहे? कामच तर सांगितलंय. जिन्यावरून उतरता उतरता तिने अर्धं मन तयारही करून टाकलं. मग तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या त्या वाट्या आठवल्या, आणि गर्डर म्हणून आडवा ठेवलेला झारा, आणि त्याच्या खाली मुकादमांनी स्वतःसाठी ठेवलेली मिठाची डबी. ती जिन्यातच थांबली.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने मुकादमांना सांगितलं. आधी ते हसले. त्यांना वाटलं, ही नेहमीसारखी कुठल्या तरी डागासाठी जीव टाकतेय.

"अगं, ब्रशने घासून काय होतंय? काँक्रीट आहे ते, वांगं नाही सोलायला."

तिने आकडे सांगितले. त्यांना आकडे कळायचे. शिक्षण कमी असलं तरी वीस वर्षं ते आकड्यांवरच खांब उतरवत होते. घास हातातच राहिला.

"किती कमी?"

"तिसरा हिस्सा. जास्तही असेल."

"साहेबांना सांगितलंस?"

"ते म्हणतात, गर्डर बसल्यावर कळवू."

मुकादमांनी ताट पुढे सरकवलं. मग त्यांचा आवाज चढला. "एक्केचाळीस खांब, माहितीये तुला? वाऱ्यात, बर्फात उभं राहून. माझ्या एका माणसाची दोन बोटं गेली थंडीने. सहा महिने पोरांना सांगतोय, घाई करा पण वाकडं उतरवू नका. एक खांब वाकडा नाही माझा. आणि आता तू मला सांगतेस की ते सगळे आखूड आहेत?"

"मी मुद्दाम केलं का?"

"घरातली भांडी घासून जीव भरत नव्हता का तुझा?"

हे बोलल्यावर त्यांनाही ते लागलं असावं, पण शब्द परत घेणाऱ्यातले ते नव्हते. ताट तसंच ठेवून ते उठले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. लख्खताईने ताटं उचलली, आणि नळाखाली धरली, आणि पहिल्यांदाच तिला ती घासावीशी वाटेनात. ती नळ बंद करून तशीच उभी राहिली. तिला लाज वाटत होती. चूक झाली याची लाज तर होतीच. पण ज्या गोष्टीचा आयुष्यभर तोरा मिरवला, तिनेच घात केला, याची लाज अधिक होती, आणि ती कुणाला सांगताही येण्यासारखी नव्हती.

सकाळी मुकादम चहा न घेता गेले. दाराशी थांबून, पाठमोरेच म्हणाले, "तुला जे करायचं ते कर. मला विचारू नकोस. मी नाही म्हणेन, आणि मग आयुष्यभर ते माझ्या मानेवर राहील."

बुधवार उजाडला होता. लख्खताईने दोन्ही लाद्या टॉवेलात गुंडाळल्या, पिशवीत घातल्या आणि प्रयोगशाळेत न जाता पुलाच्या कामावर गेली. पत्र्याच्या ऑफिसात पुलाच्या इंजिनिअर बाई होत्या. वयाने लख्खताईच्या मुलीएवढ्या, पण काम सांगताना असा आवाज लावायच्या की क्रेनवालासुद्धा सिगारेट विझवायचा. लख्खताईने त्यांना काही समजावून सांगायच्या आधी लाद्या समोर ठेवल्या आणि म्हणाली, "हातमोजा काढून बोट फिरवून बघा."

बाईंनी बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग म्हणाल्या, "बोला ताई."

लख्खताई बोलली. पहिल्या बारा आकड्यांचंही सांगितलं, रेघेचंही सांगितलं. साहेब काय म्हणाले ते मात्र सांगितलं नाही. बाईंनी विचारलंच, "तुमच्या साहेबांना माहिती आहे?"

"आहे."

बाईंनी पुढे विचारलं नाही. त्यांनी फोन उचलला. "उद्या गर्डर नाही," त्या म्हणाल्या. "आज दुपारी एका खांबावर वजन टाकून बघायचं. मुकादमांना बोलवा."

मुकादम आत आले. बायकोला बघून त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. इंजिनिअर बाईंनी विचारलं, कुठल्या खांबावर चाचणी घ्यायची. मुकादम म्हणाले, "सात नंबर."

"का?"

"सगळ्यात चांगला बसलाय तो. तो घसरला तर बाकीच्यांचं विचारायलाच नको."

लख्खताईला वाटलं, त्यांना अजून आशा आहे. तिलाही होती. आपण खोटं पडावं, सगळ्यांसमोर वेडं ठरावं, घाबरट बाई म्हणून पुढची दहा वर्षं लोकांनी हसावं, असं तिने त्या दुपारी जितक्या कळकळीने मागितलं तितकं कधी काही मागितलं नव्हतं.

सात नंबरच्या डोक्यावर जॅक बसवला. जॅकवर जाड पोलादी तुळई आडवी टाकून ती शेजारच्या चार खांबांना जखडली, म्हणजे जॅक वर रेटायला गेला की सगळा जोर सात नंबरवर खाली येणार. खांबाच्या बाजूला घड्याळासारखी तबकडी लावली. खांब केसभर खाली गेला तरी तिचा काटा हलणार होता. रोजच्या वापरात खांबावर शंभर टन येणार होते. चाचणी दोनशेपर्यंत न्यायची होती. दशांशसाहेबही आले. त्यांना बाईंनीच बोलावलं होतं. ते लांब, वाळूच्या ढिगाजवळ उभे राहिले, आणि लख्खताईने त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्यांनी हलकेच मान हलवली. रागाने की कशाने, ते तिला कळलं नाही.

"तबकडी कोण वाचणार?" बाईंनी विचारलं.

"मी," मुकादम म्हणाले आणि गुडघे टेकून खाली बसले.

"लिहिणार कोण?" बाईंनी वही लख्खताईच्या हातात दिली. "तुम्हीच लिहा ताई. तुमच्याइतकं नीट कुणी लिहिणार नाही."

वीस टन. "शून्य पूर्णांक तीन," मुकादम मोठ्याने म्हणाले. चाळीस टन. "शून्य पूर्णांक सात." प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं थांबायचं आणि काटा स्थिर आहे का बघायचं. ऐंशीला काटा स्थिर. शंभरला दोन पूर्णांक एक, आणि तिथेही स्थिर. मुकादमांच्या माणसांपैकी कुणीतरी शिट्टी वाजवली. लख्खताईच्या मानेवरचं ओझं जरा हलकं झालं. धरलंय, तिने मनात म्हटलं, धरलंय बाबा, धरून ठेव.

एकशे वीस. "तीन पूर्णांक चार." दहा मिनिटांनी मुकादमांनी पुन्हा वाकून पाहिलं. "तीन पूर्णांक आठ." काटा थांबत नव्हता. माती अजून धरून होती, पण सुटत चालली होती, बाहेरून काहीच न दाखवता. बाईंनी पुढच्या टप्प्याची खूण केली. पंपवाल्याने दांडा दाबला. एकशे पंचवीस. एकशे तीस.

आवाज फार मोठा नव्हता. जमिनीत खोल कुठेतरी कट्‌ झालं, तिच्या पेटीत व्हायचं तसंच, आणि जॅकचा दाब एकदम पडला. तबकडीचा काटा गरकन फिरला. पंपवाला दांडा सोडून दोन पावलं मागे सरला. एकशे तीसवर खांब सुटला होता. दुप्पट राहिलं बाजूला, दीडपटही पेललं नव्हतं.

मुकादम तबकडीकडे बघत होते. "एकोणीस," ते म्हणाले. "एकोणीस मिलिमीटर."

लख्खताईने लिहिलं. तिचं अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, आणि त्याचा तिला संताप आला.

नंतर पत्र्याच्या ऑफिसात सगळे जमले. इंजिनिअर बाईंनी गर्डर थांबवल्याचं वर कळवलं. मग चाचणीचा अहवाल काढला. त्यात शेवटी एक जागा होती, चूक कशामुळे झाली ते लिहायची. त्या जागेकडे आले तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप दुसरीकडे वळल्या. दशांशसाहेब रुमालाने चष्मा पुसत होते, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"माझी चूक," लख्खताई म्हणाली. "लाद्या मी घासल्या. पहिले आकडे चुकीचे आहेत असंही मीच सांगितलं. लिहिते मी."

तिने अहवाल पुढे ओढला आणि तेवढं लिहिलं. नेमकं लिहिलं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. पेन खाली ठेवणार, तोच मुकादम तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या गुडघ्यांवर अजून चिखल होता.

"थांब," ते म्हणाले. "माझंही लिही."

"तुमचं काय?"

"एक्केचाळीस खांब माझ्या या हातांनी भोकात सोडलेत. प्रत्येकाला मिठी मारून सरळ केलंय. हातमोज्यातूनसुद्धा गुळगुळीत लागायचे. पहिल्याच खांबाला मला वाटलं होतं की अरे, याला माती धरणार कशी? वाटलं होतं, आणि मी विचारलं नाही. आकडा माझ्या बायकोने काढलाय, तो चुकणार नाही, म्हणून विचारलं नाही."

लख्खताईला रडू आलं, आणि तिने ते लपवलंही नाही. "हे मी नाही लिहिणार," ती म्हणाली. "तुमचं काम जाईल. नुसतं वाटलं होतं, ती काय चूक आहे?"

"लिही."

"अहो..."

"लिही म्हणतो ना. एकटीचं नाव नाही जाणार त्यात."

त्यांनी पेन उचलून तिच्या बोटांत दिलं. तिने लिहायला घेतलं. शब्द पुसट दिसत होते, एका ठिकाणी शाई पसरली, आणि तो डाग तिने तसाच राहू दिला. ओळ पुरी होईपर्यंत मुकादम तिच्या खांद्याशी उभे राहिले. मग ते बाहेर गेले आणि त्यांनी आपल्या माणसांना हाक मारली, कारण एक्केचाळीस खांबांचं काम पुन्हा पहिल्यापासून हाती घ्यायचं होतं आणि उजेड अजून तासभर होता.